सातव्या मिनिटाचं वजन

पस्तीस वर्षं मी औषधांच्या कारखान्यात गोळ्या तपासायचं काम केलं. त्या काळात चुका झाल्या नाहीत असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी नव्हे. सही केल्यावरही मी कागद दोनदा परत मागवून बघत असे आणि त्यावरून प्रयोगशाळेत हसंही होत असे. पण माझी सर्वांत मोठी चूक निवृत्तीनंतर तेरा वर्षांनी झाली. ती शुद्धतेच्या बाजूने झाली, म्हणून ती चूक आहे हे कळायला पाच महिने गेले. कळलं तेव्हा मी आमच्या स्वयंपाकघरात एक कागद धरून उभा होतो आणि माझी बायको माझ्याकडे पाठ करून पावटे सोलत होती.

क्रमाने सांगतो.

आम्ही चिपळूणला राहतो. कुमुदच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, वडिलांचं बाजारपेठेत घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दोन मुलगे असूनही त्यांनी विद्या दिली ती मुलीला, कारण तिचा हात त्यांच्याहून हलका होता. दुकान केव्हाच गेलं. पण आज, दोन हजार अडतीस सालातही, चावीची घड्याळं जपणारी माणसं आहेत आणि ती पार कराडहून कुमुदला शोधत येतात. ती डोळ्याला भिंग लावून खिडकीशी बसते. केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने उचलते तेव्हा मी शेजारच्या खोलीत पुस्तकाचं पान उलटायचाही थांबतो.

चौदा वर्षांपूर्वी तिच्या हातांना कंप सुटला. चहाची बशी वाजायला लागली. डॉक्टरांनी ‘स्थिरॉल’ नावाची गोळी दिली, जी योगायोगाने आमच्याच कारखान्यात तयार होत होती. पंधरवड्यात हात थांबला. तेव्हापासून रोज सकाळी एक गोळी, आणि खिडकीतलं काम सुरू.

माझी एक सवय इथे सांगायला हवी. औषधाच्या प्रत्येक बॅचमधला थोडा माल बाजूला काढून, बाटलीत घालून, सील करून ठेवतात. त्याला राखीव नमुना म्हणतात. पुढे तक्रार आली तर बघायला काहीतरी हातात असावं, एवढाच हेतू. ही सवय मी घरी आणली. तुपाचा नमुना, लोणच्याचा नमुना, आणि स्थिरॉलच्या प्रत्येक नव्या बॅचमधली एक गोळी. बोटभर बाटली, झाकणावर चिकटवलेली कागदी पट्टी, पट्टीवर बॅचचा नंबर, तारीख आणि माझी सही. कुमुदने त्यासाठी वडिलांच्या दुकानातला घड्याळांच्या काचा ठेवायचा लाकडी खण दिला. त्यात चौदा ओळी, प्रत्येक ओळीत बारा कप्पे. महिन्याला साधारण एक बॅच बदलायची, म्हणजे ओळीला एक वर्ष. आल्यागेल्याला ती सांगायची की यांनी लग्नाचासुद्धा नमुना ठेवला असता, बाटली मिळाली नाही म्हणून राहिलं.

आता यंत्राबद्दल थोडं सांगतो. कंटाळवाणं झालं तर दोष माझा.

गोळीत मुख्य औषधाबरोबर इतर काही पदार्थ अगदी थोडे असतात, त्यांना अशुद्धी म्हणतात. त्या वेगळ्या करण्यासाठी गोळी विरघळवून ते द्रावण एका बारीक भुकटीने ठासून भरलेल्या नळीतून दाबाने ढकलतात. बाजारपेठेच्या गल्लीतून माणसं चालत यावीत तसं हे असतं. कोणी दुकानादुकानाशी रेंगाळतं, कोणी सरळ चालत सुटतं, त्यामुळे गल्लीच्या दुसऱ्या तोंडाशी एकेक जण वेगवेगळ्या मिनिटाला बाहेर पडतो. तिथे आमचा पहारेकरी बसलेला असतो. माझ्या काळी तो एकच होता, अतिनील प्रकाशाचा. समोरून कोणी गेलं की त्या प्रकाशात त्याची सावली पडते, आणि सावली किती दाट आहे त्यावरून किती माल गेला ते कळतं. कागदावर त्याचा एक डोंगर उमटतो. स्थिरॉलच्या कागदावर एक मोठा डोंगर असायचा आणि दोन-तीन वारुळं. शुद्धता शंभरात नव्व्याण्णव पूर्णांक आठ.

पण काही पदार्थांची सावलीच पडत नाही. ते पहारेकऱ्यासमोरून निघून जातात आणि त्याला पत्ता लागत नाही. नव्व्याण्णव पूर्णांक आठ म्हणजे जे दिसलं त्यातले नव्व्याण्णव पूर्णांक आठ. हे पाठ्यपुस्तकात लिहिलेलं होतं, मी ते अधोरेखितही केलं होतं, आणि मग पस्तीस वर्षं विसरलो होतो.

दुसरा पहारेकरी वजन करणारा. तो प्रत्येक रेणूला विद्युतभार द्यायला बघतो आणि त्याचं वस्तुमान मोजतो. सावली असो-नसो, त्याला चालतं. आलेला कोण हे तो नेमकं सांगतो, मात्र किती आले हे त्याला भरवशाने सांगता येत नाही, कारण काही रेणू भार चटकन घेतात आणि काही घेतच नाहीत. म्हणून दोघे जोडीने बसले तरच खरं चित्र मिळतं. पूर्वीही ही जोडी होती, पण महाग होती, आणि दुसऱ्याला विचारायचं ते पहिल्याने दाखवलेल्या डोंगराबद्दलच. तीन वर्षांपूर्वी ही जोडी भाकरीच्या डब्याएवढी झाली आणि तिचं सरकारी नाव द्विनेत्र पडलं. कायदा आला की देशातली प्रत्येक बॅच दोन्ही डोळ्यांखालून गेली पाहिजे आणि ज्याची ओळख पटत नाही ते औषधात राहता कामा नये.

स्थिरॉल द्विनेत्राखाली गेली तेव्हा सातव्या मिनिटाला, जिथे आमच्या कागदावर सपाट रेघ होती, तिथे वजन सापडलं. अनोळखी पदार्थ, आणि तोही नंतरच्या हिशेबाने शंभरात सहा. प्रयोगशाळेची प्रमुख शबाना मुजावर एकेकाळी माझ्या हाताखाली उमेदवार होती. तिने मला बोलावून घेतलं, कारण जुन्या वह्यांमधलं माझं अक्षर कोणाला लागत नव्हतं.

चार दिवस मी वह्या वाचल्या आणि उगम सापडला. औषध विरघळवायला वापरलेलं द्रावक पुन्हा उकळून घ्यायची एक जुनी टाकी होती. वीस वर्षांत तिच्या आतल्या अंगाला काळा थर धरला होता, आणि त्या थराशी औषधाचा थोडासा भाग बदलून जात होता. टाकी काढून टाका, असं मी भीत भीत सुचवलं. त्यांनी काढली. सातवं मिनिट खरोखरच रिकामं झालं. टाकी भंगारात गेली, जुना माल दुकानांतून परत मागवून राखीव नमुन्यांसकट भट्टीत जाळला गेला, आणि एका समारंभात मला शाल-श्रीफळ मिळालं. कुमुद पहिल्या रांगेत होती. घरी येताना ती फक्त एवढंच म्हणाली की तुम्ही आज वेगळे दिसत होतात.

श्रावणात नवी स्थिरॉल बाजारात आली. दिवाळीनंतर तक्रारी यायला लागल्या की हात पुन्हा कापतो. कायद्याप्रमाणे चौकशीसाठी एक समिती बसली. शबानाने मला फोन करून विचारलं की काकूंचा हात कसा आहे. मी आत डोकावून बघितलं. कुमुद एका बाईंच्या नाजूक घड्याळात चिमटा घालून बसली होती. मी सांगितलं की रोज नवीच गोळी घेते आणि हात दगडासारखा स्थिर आहे. हे लिहून द्याल का, असं तिने विचारलं. मी लिहून दिलं.

शिवाय समितीला जुन्या गोळ्या हव्या होत्या आणि कारखान्यात एकही उरली नव्हती. मी मोठ्या अभिमानाने खणातून तीन बाटल्या काढल्या. जितका जुना तितका चांगला पुरावा, म्हणून पहिल्या, चौथ्या आणि नवव्या ओळीतल्या. सीलं शाबूत होती. द्विनेत्राला विचारलं, सातव्या मिनिटाचा पदार्थ आहे का? यंत्राने तिन्ही वेळा सांगितलं, आढळला नाही. म्हणजे हा पदार्थ अलीकडेच गोळीत शिरलेला होता. त्याच्याआधी कितीतरी वर्षं लोकांना त्याच्याशिवाय गुण येत होता. तेव्हा तो काढल्याने बिघडेल कसं? समितीने तक्रारदारांना उत्तर पाठवलं की औषधात दोष नाही, कंप वाढण्याची कारणं मानसिक असू शकतात. खाली माझ्या नावानिशी माझ्या पत्रातलं वाक्य होतं: ‘माझ्या घरातील व्यक्तीस नव्या गोळीने कोणताही फरक पडलेला नाही.’

संक्रांतीच्या दिवशी सकाळी फोन आला. हुपरीहून आप्पासो गाट बोलत होते. चांदीचे पैंजण घडवणारा माणूस. घुंगराला डाग देताना, म्हणजे त्याचा जोड वितळवून बसवताना, हात हलला की अख्खी लड वाया जाते असं त्यांनी समजावून सांगितलं. तीन महिन्यांत त्यांनी पैंजणांचा एकही जोड पुरा केला नव्हता. सुनेला वाटत होतं की सासरे काम टाळताहेत. आवाज मुळीच चढवला नाही त्यांनी.

“सायेब, तुमच्या घरात फरक पडला न्हाई म्हनं. बरं झालं, देवाची किरपा. मग एवढंच सांगा, माझा हात कुनाशी लबाड बोलतोय? मी काय त्याला शिकवलं न्हाई.”

बघतो, म्हणालो. फोन ठेवल्यावर सवयीने त्या तीन तपासण्यांचे कागद काढले. हल्ली कागद कोणी छापत नाही, यंत्र उत्तर देतं तेवढं पुरतं. मी म्हातारा म्हणून शबानाने छापून दिले होते. मी पुन्हा वजनाची रेघ बघितली. सातव्या मिनिटाला काही नव्हतं. मग कारण नसताना वरची रेघ बघितली, अतिनीलची, माझ्या जुन्या पहारेकऱ्याची. ती इतके दिवस कोणी बघितलीच नव्हती, कारण तिला कोणी प्रश्नच विचारला नव्हता.

रेघ स्वच्छ होती. एक मोठा डोंगर, आणि आजूबाजूला काही नाही.

सुरुवातीला मला बरंच वाटलं की आपली गोळी चौदा वर्षं किती छान टिकली. आणि मग मी कागद खिडकीच्या उजेडात धरला. चौदा वर्षांत कोणतीही गोळी टिकत नाही. ती फुटते, तुकडे पडतात, आणि स्थिरॉलच्या तुकड्यांची सावली चांगली दाट पडते. ते तिसऱ्या आणि पाचव्या मिनिटाला येतात हे मी झोपेतही सांगितलं असतं. इथे ते नव्हते. एका डोळ्याने सांगितलं होतं की सातव्या मिनिटाला कोणी नाही. दुसरा तेव्हापासून सांगत होता की अरे, ही गोळी जुनी नाहीच. मी एकाचंच ऐकलं होतं.

बाटल्या जुन्या होत्या. पट्ट्या जुन्या होत्या. सही माझीच होती. आतली गोळी मात्र काही महिन्यांपूर्वीची होती. आणि घरात आम्ही दोघंच राहतो.

मी कागद घेऊन स्वयंपाकघरात गेलो. मी म्हटलं, “कुमुद, खणातल्या गोळ्या.”

तिचे हात थांबले. ती वळली नाही. “कळलं का?” ती म्हणाली. “मला वाटलं होतं तुम्हाला पट्ट्यांवरून कळेल. एक जरा तिरकी बसली होती.”

“कधीपासून?”

“गौरी यायच्या आदल्या दिवसापासून.”

मग ती पाटावरून उठून खुर्चीवर बसली आणि सगळं सांगितलं. नवी गोळी घेतल्यावर दहाव्या दिवशी चिमट्यातून स्क्रू निसटला. पहिल्याच दिवशी तिला संशय आला होता, कारण जुनी गोळी जिभेवर किंचित कडू लागायची आणि नवीला चवच नव्हती. आठवडाभर तिने हात पदराखाली ठेवले. मग खणातली सर्वांत जुनी बाटली उघडली, गोळी चाटून बघितली, कडू लागली, घेतली. चार दिवस रोज एक. पाचव्या दिवशी हात थांबला. तेव्हापासून रोज सकाळी एक जुनी गोळी खायची आणि तिच्या जागी त्या दिवशीची नवी गोळी ठेवून पट्टी वाफेवर सोडवून परत चिकटवायची. मी जन्मभर सीलं तपासली, मला एकही उचकटलेलं दिसलं नाही. तशी पट्टी उचलायला स्थिर हात लागतो. तोच मला सगळ्यात मोठा पुरावा होता आणि मी तो रोज डोळ्यांनी बघत होतो.

तू मुदत संपलेल्या गोळ्या खाल्ल्यास, मी म्हणालो. ती म्हणाली की कडू होत्या म्हणजे खऱ्या होत्या.

“मला का नाही सांगितलंस?”

तिने मांडीवरच्या पावट्यांच्या साली झटकल्या. “चाळीस वर्षं तुम्हाला खुर्चीच्या कडेवर बसलेलं बघतेय मी. त्या शालीच्या दिवशी तुम्ही मागे टेकून बसला होतात. ते मोडायला माझा हात उठला नाही.”

मी तिला आप्पासोंचा फोन सांगितला. मग पत्राबद्दल सांगितलं, जे तिला ठाऊक नव्हतं. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिलेला नाही. ती मला प्रत्येक वाक्य पुन्हा सांगायला लावत होती.

“म्हणजे माझा हात दाखवून तुम्ही त्या माणसाला खोटं पाडलंत,” ती म्हणाली. मग स्वतःच दुरुस्त केलं. “तुम्ही नाही. आपण दोघांनी.”

मी खण काढला. बाटल्या दिव्यासमोर धरत आम्ही मोजलं. अकराव्या ओळीच्या शेवटून दुसऱ्या कप्प्यापर्यंत ती पोचली होती. एकशे एकतीस गोळ्या तिच्या पोटात गेल्या होत्या. सदतीस उरल्या होत्या, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्या जगातल्या शेवटच्या होत्या.

शबाना त्याच दुपारी गाडी काढून आली. तिच्यासमोर हे सगळं सांगताना मला वाटलं की ती ओरडेल, आणि ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हातात पाण्याचा पेला धरून ऐकत राहिली. मग म्हणाली की तिने गुपचूप नवी टाकी बसवून जुन्या पद्धतीने तो पदार्थ तयार करायचा प्रयत्न केला होता, सहा वेळा, आणि काही मिळालं नव्हतं. तो काळा थर वीस वर्षांचा होता, त्यात काय काय होतं कोणालाच माहीत नाही. आता एकच वाट राहिली होती. या जुन्या गोळ्यांतून तो पदार्थ वेगळा काढायचा, त्याची रचना शोधायची, आणि मग तो मुद्दाम बनवायला शिकायचं. तो इतरांना देण्याइतका निर्धोक आहे का हेही तेव्हाच कळेल. त्याला किती काळ लागेल हे ती सांगू शकत नव्हती. वर्ष, दोन वर्षं, कदाचित जमणारही नाही.

आणि शेवटी तिने जे सांगितलं ते ऐकून मी पुन्हा खुर्चीच्या कडेवर आलो. कायदा आल्यापासून देशात आणखी त्रेचाळीस औषधांबद्दल अशाच तक्रारी आल्या होत्या. सगळ्यांना तेच मानसिक कारणांचं उत्तर गेलं होतं. त्यांतल्या कित्येक उत्तरांत दाखला म्हणून आमच्या प्रकरणाचा आधार घेतला होता. आपण दोन डोळ्यांनी काय काय धुऊन टाकलंय, तिने विचारलं. तिचा प्रश्न मला नव्हता, पण खोलीत दुसरं कोणी उत्तर देणारं नव्हतं.

“किती गोळ्या लागतील?” कुमुदने विचारलं.

शबानाने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. निदान तीस, ती म्हणाली. सात काकूंकडे ठेवता येतील.

“निदान तीस म्हणजे तीसमध्ये एकदाच करून बघणार. चुकलं तर?” कुमुद म्हणाली. “ज्या घड्याळाचा सुटा भाग मिळत नाही, त्याचा मोडका भागसुद्धा माझे वडील टाकत नसत. सगळ्या घेऊन जा.”

मी मध्ये काहीतरी बोललो असेन. सातांचं, किंवा चारांचं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. तिने सदतीस बाटल्या स्वतः कापसात गुंडाळल्या, एकीलाही धक्का लागू न देता.

संध्याकाळी मी आप्पासोंना फोन केला. सांगितलं की तुमचा हात खरं बोलतोय, खोटं माझं पत्र आहे. पलीकडे दिव्याच्या ज्योतीत फुंकणीने हवा मारल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

“हे लिहून द्या, सायेब,” ते म्हणाले. “सुनंला दाखवायचंय.”

मी लिहून दिलं. त्यांना एक प्रत, समितीला एक, आणि वर्तमानपत्राला एक. या वेळी कागद परत मागवून बघितला नाही.

पुढचे तीन दिवस कुमुदने जेवढी घड्याळं तिच्याकडे आलेली होती तेवढी पुरी केली. ज्यांची होती त्यांना बोलावून देऊन टाकली. चौथ्या दिवशी तिने माझं मनगटी घड्याळ मागितलं. लग्नात तिच्या वडिलांनी दिलेलं. चार वर्षं ते दिवसाला दोन मिनिटं मागे पडत होतं आणि घरचं म्हणून राहून गेलं होतं. पाचव्या दिवशी सकाळी ते उघडलेलं असताना चिमटा टेबलावर टकटक वाजायला लागला. मी शेजारच्या खोलीत होतो. टकटक थांबली, परत सुरू झाली, मग चिमटा खाली ठेवल्याचा आवाज आला.

मी गेलो तेव्हा ती सुटे भाग पांढऱ्या कपड्यावर ओळीने लावत होती, एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरून. सगळे लावून झाल्यावर तिने काचेचा वाडगा त्यांवर उपडा घातला.

“दुसऱ्या कोणाकडे द्यायचं नाही,” ती म्हणाली. “शबानाची गोळी आली की मी जोडेन.”

मी खणातून एक कागदी पट्टी आणली आणि वाडग्यावर चिकटवली. नग, तारीख, सही. आमच्या पट्टीवर खाली एक रकाना असतो, नमुना उघडण्याच्या तारखेचा. मी पेन तिथे नेलं आणि थांबलो. तिने वाचून बघितलं आणि म्हणाली की तेवढं कोरं राहू द्या.